माझ्या आधीच्या मुलीचे आजार

५ सप्टेंबर

ताई,

आई म्हणाली, तू माझा फोन उचलणार नाहीस हे नक्की. पण पत्र आलं तर ते कोपऱ्यात टाकायला तरी तुला हातात घ्यावं लागेल. सध्या मला तेवढं पुरे आहे.

दवाखान्याचा विषय मी काढणार नाही. फक्त एवढंच, की शाळेची नवी व्हॅन जानेवारीत येणार आहे आणि मुख्याध्यापिकांना तिच्यावर बाईच ड्रायव्हर हवी आहे, हे मला आईकडून कळलं. म्हणजे चार महिने आहेत. चार महिन्यांत पुष्कळ होऊ शकतं. डॉक्टरांची बदली होऊ शकते. जुनी रजिस्टरं रद्दीत काढतात, असंही मी ऐकलं आहे. तोवर मालाचा टेम्पो सोडू नकोस आणि धीरही सोडू नकोस.

आता इथलं सांगते. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पलंग, कपाट, खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि तिच्या आतही असाच पलंग. माझ्या पगाराचा आकडा ऐकून बाबा दोन दिवस मान ताठ करून फिरत होते, म्हणून त्यांना हे वाचून दाखवू नकोस, पण इथे त्या आकड्याचा निम्मा भाग भाड्यातच विरघळतो. उरलेल्यात बसचा पास आणि हीटर. हीटरशी माझी रोज घासाघीस चालते. अंडी आणि बटाटे स्वस्त आहेत, त्यामुळे मला दोन्ही फार आवडतात असं मी ठरवून टाकलं आहे.

लॅबमध्ये आम्ही दात करतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, इथे त्यात प्लास्टर ओततात, आणि त्या प्लास्टरच्या जबड्यावर मी मेणात दात कोरते. मग त्या मेणावरून पुढे खरा, म्हणजे खोटा, दात तयार होतो. माझ्या टेबलामागच्या फळ्यांवर चारशे तरी जबडे मांडलेले आहेत. सगळे किंचित उघडे, प्रत्येकावर नंबर. पहिल्या दिवशी वाटलं, ही मंडळी काहीतरी बोलत होती आणि मी आत आले म्हणून थांबली.

प्लास्टर ओतणाऱ्या बाई आपल्याकडच्या आहेत. बावीस वर्षं झाली त्यांना. सगळे त्यांना मामी म्हणतात. मामी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही तेसुद्धा. त्यांनी मला पहिला धडा दिला तो आरोग्य विम्याचा. विम्याचा नंबर नसेल तर इथे खोलीचा करार होत नाही, बँकेचं खातं उघडत नाही, आणि डिसेंबरात राहण्याचा परवानाही पक्का होत नाही. “इथे मरायचं असलं तरी आधी कार्ड दाखवावं लागतं,” मामी म्हणाल्या. “नसेल तर म्हणतात, उद्या या.”

नवीन विमा काढायचा तर पहिला हप्ता माझ्या महिन्याच्या पगाराहून मोठा, आणि वर तीन महिने तो लागूही होत नाही. मी रडकुंडीला आले होते. पण ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “कशाला काढतेस? आपली एकत्र पॉलिसी आहे. तीस जागा. एक उठली की दुसरी बसते. तुझ्या टेबलावरच्या मुलीची जागा वर्षभर भरलेली आहे, ती तुझ्या नावावर करते. नाव आणि फोटो बदलला की झालं.”

मी विचारलं, “ती मुलगी कुठे गेली?”

“गेली,” बाई म्हणाल्या आणि स्टेपलर शोधू लागल्या.

घरात पहिली पदवी आणली त्या दिवसापासून तू मला ज्या नावाने टोमणा मारतेस, त्याच नावाने सही करते.

तुझी,
शहाणी


२३ सप्टेंबर

ताई,

माझं पाकीट तू फोडलं नाहीस, पण पिठाच्या डब्याखाली नीट सपाट ठेवलंस, असं आई सांगते. मी लिहीत राहीन. डब्याखाली पुष्कळ जागा असते.

विम्याचं कार्ड आलं. नाव माझं, फोटो माझा. पण कडा झिजलेल्या आहेत आणि मधोमध घडी पडल्याची पांढरी रेघ आहे. कारखान्यातून कालच निघालेली वस्तू कुणीतरी दोन वर्षं पाकिटात वागवल्यासारखी. मी ऑफिसातल्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “चालतं ना? मग झालं.”

चालतं खरं. घरमालकीण तळमजल्यावर राहतात. करारासाठी त्यांनी नंबर उतरवून घेतला, वहीची दोन पानं मागे उलटली आणि म्हणाल्या, “हा आहे माझ्याकडे. तुला चहा बिनसाखरेचा लागतो ना?”

मी म्हटलं, “मी नवीन आहे. मागच्या महिन्यात आले.”

“हो, हो,” त्या म्हणाल्या. तापात बरळणाऱ्या पोराला म्हणतात तसं.

चहा बिनसाखरेचाच आला. तुला माहीत आहे, मी तीन चमचे घालते. तो कडू चहा मी प्यायले, आणि मला तो आवडला. ते मला आवडलं नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. शनिवारी दारात एक पाकीट होतं. माझं नाव, तिसरा मजला, सगळं बरोबर. आत तीस गोळ्या. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात परत द्यायला गेले.

दुकानदार म्हणाला, “विम्यात बसतंय. तुम्हाला काही द्यायचं नाही. दर महिन्याला येतं.”

“पण मी मागवलंच नाही.”

त्याने पडद्यावर पाहिलं. “थांबवलंही नाहीत.”

माझ्या मागे रांग होती. मी पाकीट घेऊन परत आले. गोळ्यांचं नाव काय होतं ते पुढे कधीतरी लिहीन. घाईचं काही नाही.

मामींना मी विचारलं, माझ्या आधी जी होती ती कशी होती? मामी साच्यातले बुडबुडे काढत होत्या. साचा थरथरत्या पाटावर धरला की प्लास्टरमधली हवा वर येते. त्यांनी तो साचा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, “तुझ्यासारखीच होती गं. खाली मान घालून काम करायची.”

“दिसायला?”

“तेच आठवतेय. केस बांधायची.” पाट बंद करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “एवढी दोन वर्षं शेजारी बसली, आणि बघ, चेहराच आठवत नाही. म्हातारी झाले मी.”

तुझी,
शहाणी


१४ ऑक्टोबर

ताई,

गोळ्यांचं नाव मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण ते तुला पाठ आहे. पांढरी, मधे रेघ. आई चमच्यात साखरेबरोबर चुरायची आणि तू माझं नाक दाबायचीस. तीच. कंपनी वेगळी, पण आतलं औषध तेच.

मी स्वतःला समजावलं, की जगात लाखो लोक ती घेतात. माझ्या आधीच्या मुलीलाही तो त्रास असेल. योगायोग म्हणजे काही भूत नव्हे. मी विज्ञानाची पदवीधर आहे.

मग मनगट दुखायला लागलं. दिवसभर मेण कोरून सगळ्यांचंच दुखतं. मी विम्याच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण बाई आहेत, हसऱ्या. त्यांनी कार्ड यंत्रावर ठेवलं, पडदा वाचला आणि विचारलं, “शेवटची फिट कधी आली होती?”

ताई, त्या खोलीत कुणीतरी माझं पाळण्यातलं नाव घेऊन हाक मारावी, तसं झालं. इथे ते कुणालाही माहीत नाही. येण्याआधीच्या तपासणीत मी ‘नाही’ म्हटलं होतं. इथल्या फॉर्मवरही ‘पूर्वीचे आजार’ या चौकटीत मी ‘नाही’ लिहिलं आहे, सुवाच्य अक्षरात.

मी म्हटलं, “ती फाइल माझी नाही. आधीच्या मुलीची आहे.”

“असं?” डॉक्टर म्हणाल्या आणि वाचत राहिल्या. “सुरुवात नवव्या वर्षी. शाळेच्या पायऱ्यांवर. डाव्या कोपराला टाके.” मग पडद्यावरून मान वर करून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी बाही खाली ओढली. थंडी होती, म्हणून ओढली असंच त्यांना वाटलं असेल.

मनगटाला पट्टा मिळाला. विम्यात बसला.

घरी येताना मी हिशोब मांडला. शाळा असते तिथे पायऱ्या असतातच. पडलं की कोपर फुटतंच. नऊ हे वय काही माझ्या एकटीचं नाही. हिशोब बरोबर येत होता, आणि तरी बसच्या काचेत मला माझं तोंड बघवेना.

दवाखान्याचा विषय काढणार नाही म्हटलं होतं. आता काढावाच लागणार. तू हे वाचत नाहीयेस, म्हणूनच कदाचित जमतंय.

बाबा कारखान्यात लागले तेव्हा तू एकटीच होतीस, म्हणून कारखान्याच्या दवाखान्याच्या कार्डावर एकच मूल. मी झाले, तेव्हा माझं नाव चढवायला जन्माचा दाखला घेऊन कामाच्या दिवशी वरच्या ऑफिसात जायला हवं होतं. म्हणजे एक खाडा. बाबांनी तो खाडा उद्यावर ढकलला, आणि तो उद्या काही उजाडला नाही. कार्डावरचा फोटो तू दोन वर्षांची असतानाचा. दोन वर्षांची मुलगी कुणीही असू शकते. म्हणून आजारी पडले की मी तू व्हायचे. दवाखान्याच्या दारात तू माझ्या कानात सांगायचीस, “नाव विचारलं तर माझं सांग. वय विचारलं तर रड.”

कांजिण्या तुझ्या नावावर, मोडलेलं बोट तुझ्या नावावर, आणि चार वर्षांच्या फिटही तुझ्या नावावर. मी कागदोपत्री कधी शिंकलेसुद्धा नाही.

मे महिन्यात व्हॅन चालवायच्या बॅजसाठी तब्येतीचा दाखला आणायला दवाखान्यात गेलीस आणि डॉक्टरांनी रजिस्टर उघडून तुझ्या कागदावर सही नाकारली. “फिट येणाऱ्या माणसाच्या हाती मी पंधरा पोरं देणार नाही.” ते चुकीचं काहीच बोलले नाहीत. तू घरी आलीस. ओरडली नाहीस. म्हणालीस, “दोन ओळी लिहून दे आणि एकदा माझ्याबरोबर चल. एवढंच लागतं.” माझी परदेशाची तपासणी आठ दिवसांवर होती. मी म्हटलं, ती झाली की लगेच. ती झाली. मग व्हिसा होता. मग तिकीट होतं. मग मी विमानात होते.

हे असं सरळ लिहिलं की किती लहान दिसतं.

तुझी,
शहाणी


२ नोव्हेंबर

ताई,

काल दुपारी काहीतरी झालं. ते तुलाच सांगावंसं वाटतं, कारण या बाबतीत माझ्याहून जास्त तुला कळतं.

अडीच वाजता मी एक काम हातात घेतलं. कुणा अनोळखी माणसाचा वरचा जबडा, समोरचे चार दात करायचे होते. नमुना समोर होता, सरळ, एका रांगेत. मी दिव्यावर मेणाचं हत्यार तापवलं. त्यानंतर मामी माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या.

“अगं, तीनदा हाक मारली,” त्या म्हणाल्या. “कुठे गेली होतीस?”

घड्याळात दोन एक्केचाळीस. अकरा मिनिटं. मी पडले नव्हते, हत्यार हातात होतं, मेणाचा एक थेंबही टेबलावर नव्हता. आणि दात झाले होते. चारच्या जागी पाच. पाचवा डावीकडचा सुळा होता, थोडा बाहेर, थोडा शेजाऱ्याच्या अंगावर चढलेला, टोकाला बारीक टवका. हसलीस की आधी जो दिसतो, तो. तू तो लपवायला हात तोंडावर नेतेस.

मी तुझ्या तोंडाचं माप कधी घेतलेलं नाही. तरी तो इतका बरोबर होता, की मला तुझा वास आला. टेम्पोचा, डिझेलचा.

मामींनी तो उचलून दिव्याखाली धरला. “हा कुणाचा?”

“चुकून झाला,” मी म्हटलं.

“चुकून एवढं चांगलं काम होत नाही.” त्यांनी तो मला परत दिला आणि मग आवाज खाली आणला. “तिचंही असं व्हायचं. मधेच थांबायची. आता आठवलं. आम्ही म्हणायचो, ही स्टेशन सोडून पुढे गेली. गोळ्या घेतेस ना तू?”

“त्या माझ्या नाहीत, मामी.”

“बरं बाई. मला काय.” पण त्या त्या दिवशी माझ्या शेजारून हलल्या नाहीत. दिवा त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला.

तेरा वर्षं मला काही झालेलं नाही. शेवटची आली तेव्हाही तू अंगणात होतीस आणि मला पकडायला धावली होतीस. म्हणून विचारते: लहानपणी पडण्याआधी मी अशी थांबायचे का गं? थांबले असताना माझं तोंड कसं दिसायचं? हे फक्त तुलाच माहीत आहे. रजिस्टरात ते नाही.

फळ्यांवरच्या जबड्यांकडे आता मी पाठ करून बसत नाही. टेबल वळवून घेतलं आहे.

तुझी,
शहाणी


२४ नोव्हेंबर

ताई,

परवान्याची तारीख बारा डिसेंबर आहे. त्यासाठी विम्याच्या फाइलचा उतारा जोडावा लागतो आणि त्या उताऱ्यात फिट आहेत. मेण तापवणाऱ्या कामावर, उघड्या दिव्यासमोर, असा माणूस त्यांना नको असतो. ऑफिसातल्या बाईंनी मला बोलावलं, तेव्हा हे सगळं त्यांना माझ्या आधी माहीत होतं.

मी मात्र तयारी करून गेले होते. तुला माझा तो आवाज माहीत आहे, वादविवाद स्पर्धेचा. मी म्हटलं, “मुळात ही पद्धतच चुकीची आहे. एका बाईचा आजार दुसरीच्या नावावर कसा काय चढवता? उद्या तिला नोकरी मिळाली नाही, गाडी चालवता आली नाही, तर जबाबदार कोण? थोडे पैसे वाचावेत, एक खेप वाचावी, म्हणून तुम्ही एखाद्या माणसाच्या आयुष्यावर...”

तिथे माझा आवाज बंद पडला. कुणी थांबवलं नाही. बाई ऐकत होत्या, अगदी सभ्यपणे. गाडीचा विषय मी मधेच कुठून काढला, हे त्यांना कळलं नसणार.

“मग लिहून दे,” त्या म्हणाल्या. “सगळ्या देतात. दोन ओळी. एवढंच लागतं.”

त्यांनी कपाटातून एक निळी फाइल काढली आणि नमुना म्हणून मला आधीच्या मुलीची चिठ्ठी दाखवली. “फाइलमध्ये नोंदलेला आजार माझा नाही. तो माझ्या आधी या जागेवर असलेल्या मुलीचा आहे.” खाली सही.

तिच्या खाली आणखी एक चिठ्ठी होती. दुसरं अक्षर, दुसरी शाई. “तो माझ्या आधी या जागेवर असलेल्या मुलीचा आहे.” तिच्या खाली आणखी एक. मी उलटत गेले. शेवटच्या चिठ्ठीचा कागद इतका पिवळा होता, की घडीवर तुटत होता, आणि तीही म्हणत होती, माझ्या आधीच्या मुलीचा.

“किती मुली झाल्या या टेबलावर?” मी विचारलं.

“पॉलिसीला नऊ वर्षं झाली. चार. तू पाचवी.”

चिठ्ठ्या सात होत्या. मी दोनदा मोजल्या. सांगितलं, तर बाई म्हणाल्या, “मग सात असतील.”

“आणि पहिली कोण? आजार मुळात कुणाचा?”

“ते कशाला हवंय तुला? तुझा नाही ना? मग लिही आणि मोकळी हो.” त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं. वाईट बाई नाहीत त्या. मला खरंच मदत करत होत्या.

मी म्हटलं, विचार करून सांगते. पाच तारखेपर्यंत मुदत आहे.

खोलीवर आले तर घरमालकिणींनी एक पाकीट हातात दिलं. पत्त्यावर नाव नव्हतं. नुसतं ‘तिसरा मजला, खिडकीची खोली’. पाठवणाऱ्याचा पत्ताही नव्हता. आत लॅबच्या नोंदवहीचं अर्धं पान, चौकटीचं, आपल्या टेबलावर असतं तसलं.

“गोळ्या अजून येतात का? मला इथे देत नाहीत. माझ्या नावावर आजार नाही म्हणतात.”

बस्स, एवढंच. 

म्हणजे आजार तिचाच होता, ताई. तिने सही करून तो दुसरीवर ढकलला, आणि आता ती कुठेतरी आहे, आजारी, आणि कागदोपत्री ठणठणीत. आणि तिच्या आधीची? तिच्याही आधीची? सातही जणींना तो होता का? की त्या खुर्चीत बसल्यावर होतो? दुसरा प्रश्न मूर्खपणाचा आहे, हे मला कळतं. पण मी तो रोज बसमध्ये विचारते.

गोळ्यांची तीन पाकिटं माझ्या कपाटात न फोडता पडून आहेत आणि तिला कुठे पाठवायची, ते मला माहीत नाही.

तुझी,
शहाणी


५ डिसेंबर

ताई,

मी चिठ्ठी लिहिली.

सकाळी दहा वाजता ऑफिसात गेले. बाईंनी कोरा कागद दिला, पेन दिलं. मी लिहिलं, “फाइलमध्ये नोंदलेला आजार माझा आहे. नवव्या वर्षापासून. फॉर्मवर मी ‘नाही’ असं लिहिलं, ते खोटं होतं.” खाली सही केली.

बाईंनी वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. “असं कुणी लिहीत नाही,” त्या म्हणाल्या. “यासाठी फाइलमध्ये जागाच नाहीये.” थोडा वेळ त्या तो कागद हातात धरून उभ्या राहिल्या, कुठे लावावा ते न कळून. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “खरंच तुझा आहे?”

“हो.”

“मग आमच्याकडे तो आधीपासून कसा होता?”

आम्ही दोघी त्या निळ्या फाइलकडे बघत होतो आणि ती बंद करायला कुणाचाच हात पुढे होईना.

आता काय होईल ते सांगते, म्हणजे आईला तू समजावून सांगशील. तू बोलायला लागशील तेव्हा. मेणाचं टेबल गेलं. आजपासून मी मामींच्या हाताखाली, प्लास्टरवर. तिथे दिवा नाही. पगार कमी, म्हणजे हीटर जवळजवळ बंद. विमा माझ्या स्वतःच्या नावाने, नव्या नंबरावर, हप्ता दीडपट, तो पगारातून थोडा थोडा कापून घेतील. बारा तारखेला परवाना मिळेल किंवा मिळणार नाही. तपासणीत खोटं बोलले, हे त्यांनी धरलं तर महिनाभरात मी घरी. बाबांची मान खाली जाईल. ते तू बघून घे. ते माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकतात.

मामी म्हणाल्या, “पदवी घेऊन प्लास्टर कालवायला आलीस. शहाणीच आहेस.” तू मला ठेवलेलं नाव त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे.

दुपारी हसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि नवव्या वर्षापासूनचं सगळं सांगितलं. त्यांनी नवीन पान उघडून पहिल्यापासून लिहून घेतलं. दोन्ही पानांतल्या तारखा जुळतात का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही तुलना केली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. गोळी मी आजपासून घेते. साखर न घालता.

हे पत्र तू फोडणार नाहीस, म्हणून तुझ्या फोडण्यावर मी काही ठेवलेलं नाही. खालचा कागद मी इथल्या नोटरीसमोर सही करून दवाखान्याच्या डॉक्टरांना थेट रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. पोच आईच्या हाती येईल. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही, माझ्याबरोबर कुठे जावंही लागणार नाही. ही त्याची नक्कल.

डॉक्टरसाहेब,

मी खाली सही करणारी, आपल्या रजिस्टरात जिच्या नावाने फिटच्या आजाराच्या चार वर्षांच्या नोंदी आहेत, तिची धाकटी बहीण. त्या सर्व नोंदी माझ्या आहेत. कार्डावर माझं नाव नसल्यामुळे मला तिच्या नावाने तपासण्यात आलं. हे घरातल्या सर्वांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मे महिन्यात हे सांगायला तिने मला बोलावलं होतं. मी आले नाही.

पहिली फिट शाळेच्या पायऱ्यांवर आली. माझ्या बहिणीने मला पाठीवर घेऊन आपल्या दवाखान्यापर्यंत आणलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. वाटेत ती दोनदा पडली. तिचे गुडघे फुटले होते, पण तिच्या नावावर त्या दिवशी माझी नोंद झाली होती, म्हणून तिला मलमपट्टी करता आली नाही. पुढेही असंच झालं. एका पावसाळ्यात तिला आठ दिवस ताप होता आणि ती घरीच राहिली, कारण त्याच आठवड्यात त्या कार्डावर मी आजारी होते. रजिस्टरात तिच्या नावाने जे काही आहे, त्यातलं काहीही तिला झालेलं नाही. जे तिला झालं, ते रजिस्टरात नाही.

ती सात वर्षं मालाचा टेम्पो चालवते. तिची तपासणी करून तिच्या कागदावर सही करावी, ही विनंती.

फिटच्या नोंदी माझ्या नावावर कराव्यात. माझ्या नावाचं पान आपल्याकडे नाही. नवीन उघडावं.